निरंक नव्हे, अप्राप्त

प्रकाश गेल्याची बातमी मला भंडाऱ्याच्या बसस्टँडवर, लाखांदूरच्या गाडीची वाट पाहताना कळली. फोन त्याच्या बायकोचा होता. "सिस्टर, हे गेले जी," एवढंच ती बोलली... माझ्या मनात आधी दुःख आलंच नाही, राग आला. ज्याने माझं घर ओसाड केलं तो साहेब नागपूरला बंगल्यात मजेत आहे, आणि प्रकाश गेला. गेलेल्या माणसावर लिहिताना असं बोलू नये म्हणतात. पण त्या साहेबाला वगळून मला प्रकाशची आठवण काढताच येत नाही, त्याला मी काय करू?

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी लाखांदूरकडच्या एका दवाखान्यात नर्स होते. धानाच्या रोवणीत साप चावलेले रुग्ण यायचे. नेमकं तेव्हाच चुलबंद नदीचं पाणी पुलावर चढायचं, फोन बंद पडायचा आणि आमचा मासिक अहवाल भंडाऱ्याच्या ऑफिसात उशिरा पोचायचा. तिथल्या साहेबांची एक पद्धत होती. ज्याचा अहवाल वेळेत आला नाही, त्याच्यासमोर 'निरंक' लिहायचं. म्हणजे त्या महिन्यात तिथे कुणालाच साप चावला नाही. उशिरा आलेला कागद फायलीला लावून टाकायचा. एप्रिलपासून आजअखेरचा आकडा काढताना मागच्या महिनाअखेरच्या बेरजेत चालू महिन्याचा आकडा मिळवला की झालं काम. त्यामुळे एकदा बसलेलं शून्य वर्षभर बसूनच राही, आणि सापाच्या इंजेक्शनांचा साठा मिळे तो याच अखेरच्या आकड्यावर. एका पावसाळ्यात आमचा साठा संपला. मी मागणी पाठवली, तर उत्तर आलं की तुमच्याकडे सर्पदंश नाहीतच. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला, धानाच्या बांधीत रोवणी करताना साप चावला. साकोलीला नेताना वाटेतच तो माझ्या मांडीवर गेला.

तेरावं झालं आणि मी त्या ऑफिसात गेले. खरं सांगते, चप्पल हातात घ्यायच्या तयारीनेच गेले होते. साहेब दौऱ्यावर होते. बाहेर कॉम्प्युटरपाशी आसगावचा एक किडकिडीत ऑपरेटर बसला होता, तो प्रकाश. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "चावला त्या दिवसाची तारीख सांगा, सिस्टर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तारीख कायले पाह्यजे तुले? माह्या भाऊ गेला."

"म्हणूनच पाह्यजे," तो म्हणाला. "तुमाले बदला घ्याचा असन तं चपलेनं नाही होत. आकड्यानं होते."

त्याच दिवसापासून त्याने नवा अहवाल बांधायला घेतला. प्रत्येक रुग्णाची वेगळी नोंद, दंशाच्या तारखेसकट. महिन्याचा आणि आजअखेरचा आकडा दरवेळी त्या मूळ नोंदींवरून नव्याने निघणार, म्हणजे उशिरा आलेली नोंदही आपल्या महिन्यात जाऊन बसणार आणि अखेर आपोआप सुधारणार. अहवालच आला नसेल तिथे 'अप्राप्त' छापलं जाणार. पहिली नोंद त्याने दिलीपची केली. मग अप्राप्त दवाखान्यांना तो फोन लावत सुटला. "नमस्कार मॅडम, तुमच्याकडून काही आलं नाही अजून..." आवाज अगदी मऊ. अहवाल हातात पडेपर्यंत तो मऊ आवाज रोज यायचा. कुणी ओरडलं असतं तर परवडलं असतं, असं माझ्या मैत्रिणी म्हणत.

साहेबांनी सवयीप्रमाणे न वाचता सही ठोकली. अहवाल वर गेला आणि आमच्या भागाचा अखेरचा आकडा पाहून वरून खुलासा मागवला गेला. साहेब प्रकाशवर धावून आले. "मागच्या महिन्यांचे आकडे कुणी बदलले?"

"कोणीच नाही बदलले, साहेब. लोकायले साप चावला तवापासूनचेच हायेत."

प्रकाशची बदली साकोलीच्या गोदामात झाली. पण पुढच्या रोवणीआधी आमच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनं होती, आणि साहेबांना लेखी उत्तरं देता देता घाम फुटत होता. साहेबांकडे खुलासा मागितल्याचं कळलं त्या दिवशी मी दवाखान्यात पेढे वाटले. मला त्याची आजही लाज वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की साहेब खुलाशावर सुटले, बढती घेऊन नागपूरला गेले आणि हारतुरे घेऊन निवृत्त झाले. प्रकाशला गोदामातून परत आणायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

परवाच्या शोकसभेला साहेब आले होते. प्रकाशच्या फोटोला हार घातला आणि माईकवर म्हणाले, "ही पद्धत आमच्याच कार्यकाळात सुरू झाली. प्रकाशला मी नेहमीच प्रोत्साहन दिलं." लोकांनी माना डोलावल्या. प्रकाशची बायको पदराने डोळे पुसत होती. मी साहेबांना जिन्यात गाठलं.

"साहेब, माह्या भावाचं नाव काय होतं?"

ते ड्रायव्हरला शोधू लागले. "बाई, इतकी वर्षं झाली. विसरा आता."

घरी आल्यावर वाटलं, या माणसाच्या पश्चात्तापापुढे निरंक लिहावं आणि मोकळं व्हावं. पण प्रकाशने मला ते शिकवलं नव्हतं. जे आलं नाही ते अप्राप्त, आणि अप्राप्त असेल त्याला फोन करायचा असतो... आज सकाळी मी नागपूरला साहेबांना फोन लावला. आवाज होईल तितका मऊ ठेवला.

"नमस्कार साहेब. दिलीपबद्दल तुमच्याकडून काही आलं नाही अजून."

त्यांनी फोन ठेवला. ठेवू दे. उद्या पुन्हा लावीन.