बेलापूरच्या कर्ण्याची पारख

बेलापूरला जायचं ठरलं ते माझ्या बढाईमुळे.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. पुण्यात ज्या रेडिओच्या दुकानात मी दुरुस्तीचं काम करतो, तिथे नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचे रंगनाथशेट आले. त्यांचा तंबूतला फिरता सिनेमा आहे. पडद्यामागे लावायला त्यांना नवा कर्णा हवा होता. कर्णा म्हणजे लाउडस्पीकरचं ते धोतऱ्याच्या फुलासारखं, पुढे पसरत गेलेलं तोंड. आमच्याकडे एक विलायती पत्र्याचा होता. शेट म्हणाले, "आमच्या गावात एका तांबटानं घरीच कर्णा केलाय. तो घ्यावा का हा, ते कळंना. कुणी जाणकार द्या."

मी आतून ओरडलो, "डोळे बांधून ऐकवा, कुठला कर्णा कशाचा तेही सांगतो!"

आमचे मालक हसले. "मग तूच जा. आणि आपला कर्णा परत घेऊन येऊ नकोस."

ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी पुण्याहून सर्व्हिस मोटारीने जाताना पुढची जागा धरू नये. पेट्रोल अजून रेशनच्या चिठ्ठीवर मिळतं, त्यामुळे आमची मोटार कोळशाच्या गॅसवर होती आणि अंगावर सगळी काजळी बसली. कर्णा टपावर गोणपाटात बांधलेला. शिरूरला चहा आणि गरम भजी मिळाली, ती चांगली होती. घोडनदी ओलांडल्यावर रस्ता उघडाबोडका होतो. केडगावला नगर अगदी समोर दिसत असताना गॅसची भट्टी विझली. ड्रायव्हरने खाली उतरून कोळसे ढवळले, आम्ही सगळ्यांनी धक्का दिला, आणि काळ्या तोंडाने नगरात शिरलो. स्टँडजवळच्या खाणावळीत भात नव्हता. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी मात्र हवी तेवढी वाढत होते. त्या रात्री नगरलाच धर्मशाळेत मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. राहुरी मागे पडली की पाटाचं पाणी दिसायला लागतं. आदल्या दिवशीच्या कोरड्या माळानंतर तो हिरवा ऊस पाहून डोळे निवतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा : बेलापूर स्टेशन आणि बेलापूर गाव एका जागी नाहीत. स्टेशनवर उतरून टांगा करावा लागतो, आणि टांगेवाला सामान बघून भाडं सांगतो. माझं सामान बघून त्याने आधी विचारलं, "बँडवाले का तुमी?"

शेटच्या आधी मी त्या तांबटाकडे गेलो. काशिनाथ त्याचं नाव. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. बाजारपेठेच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये तो आणि त्याची बायको सरू हंडे, घागरी, बंब करतात. मी कोण ते कळल्यावर दोघांची धांदल उडाली. सरूबाईंनी घोंगडी अंथरली, चहात जास्तीचा गूळ घातला.

कर्णा कोपऱ्यात उभा होता, माझ्या छातीला लागेल एवढा. मी बोटाने टिचकी मारली. भांड्यासारखा टणत्कार येईल असं वाटलं होतं. नुसता टप् असा आवाज आला, भोपळ्यावर मारल्यासारखा.

"आत तांब्याचा पत्रा हाय, पातळ," काशिनाथ म्हणाला. "पर पत्रा गातो. मानूस बोलाय लागला की ह्यो बी संगं बोलतो. मंग हिनं वरून कागदाचा लगदा थापला, मेथीचं पीठ घालून. टोपल्या करत्यात तसा. सात थर."

"एक थर वाळल्याबिगर दुसरा द्यायचा न्हाई," सरूबाई म्हणाल्या. "थंडीचं तीन म्हैनं गेलं."

"आणि हा आकार? कुठे पाहिलात?"

"कुठं न्हाई. दोरी धरून बगितलं. पाच कर्णं मोडलं ह्याच्या आदी." मग जरा लाजत काशिनाथ म्हणाला, "साहेब, घागर वाजली पायजे. पर कर्न्यानं सोता वाजून चालत न्हाई. त्याच्यातनं दुसऱ्याला बोलायचं असतं."

कर्ण्याच्या कामात मी आठ वर्षं घालवली आहेत. इतक्या थोडक्यात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली आणि म्हणालो, "बघू."

परीक्षा त्याच दिवशी दुपारी, नदीकाठच्या तंबूत झाली. शेटने इंजिन लावून वीज केली. दोन्ही कर्णे पडद्यामागे, लष्करी लिलावात घेतलेलं आवाजाचं एकच यंत्र आळीपाळीने दोन्हींच्या मागे बसवायचं, समोर मी खुर्चीवर. सभोवती पन्नासएक माणसं जमली होती, मागे बायका. शेट ओरडले, "नंबर एक!"

ग्रामोफोनची तबकडी सुरू झाली. बाईचं गाणं, तबला, पेटी. ओळखायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. वरच्या सुराला गेलं की एक बारीक पत्र्याची किणकिण मागे राहत होती. डग्गा दबलेला. हा आमचा.

"नंबर दोन!"

त्यात बाई समोर येऊन उभी राहिली. दुसरे शब्द मला सुचत नाहीत. श्वास घेतलेला ऐकू येत होता. डग्ग्याचा घुमारा पोटात लागत होता. मी उठून कडेला गेलो, मागे बायकांपर्यंत गेलो, तिथेही शब्द सुटा सुटा पोचत होता. कर्णा तपासायचा तर असंच कडेला आणि लांब उभं राहून तपासावा. समोर बसल्यावर वाईट कर्णाही बरा वाटतो.

एक म्हातारी म्हणाली, "ह्यातलं बोलनं कळतंय बया."

"गप ए, साहेबांना ऐकू दे," शेट म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आमचे मालक आठवले. दुकानात केलेली फुशारकी आठवली. गावच्या तांबटाने मेथीचं पीठ लावून केलेला कर्णा विलायती मालापेक्षा चांगला, हे पुण्याला जाऊन कोणत्या तोंडाने सांगू?

"नंबर एक," मी म्हणालो. "आवाज स्वच्छ आहे. दोन नंबर घुमतो."

शेटने मान डोलावली, माणसं पांगली. काशिनाथ पडद्यामागून पुढे आला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने हात जोडून विचारलं, "साहेब, काय चुकलं तेवडं सांगा. म्हंजे सुदारता यील."

चूक काहीच नव्हती. पण जाणकार माणसाला काही सुचत नाही असं कसं चालेल? मी कर्ण्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणालो, "तोंड फार मोठं झालंय. वीतभर कमी हवं होतं."

"वीतभर," तो म्हणाला, आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शेटची लॉरी कोपरगावकडे जाणार होती, तिने मला शिर्डीला सोडलं. शिर्डी लहानसं गाव आहे. देवळाभोवती फुलांची आणि पेढ्यांची चार दुकानं, मागे लिंबाची झाडं. गर्दी नव्हती. दर्शन अगदी समोरून झालं. मी डोळे मिटले, पण मागण्यासारखं काही मनात येईना. प्रसाद घेतला आणि परतीच्या लॉरीची वाट बघत ओट्यावर बसून राहिलो. शेजारच्या एका गृहस्थांनी विचारलं, "नवस होता का काही?" मी नाही म्हणालो.

बेलापूरला परतलो तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. सामान घ्यायला तंबूकडे निघालो तर काशिनाथ रस्त्यातच भेटला, माझी वाट बघत होता. "या की साहेब, जरा ऐका."

शेडमध्ये कर्णा उभा होता. वीतभर कापलेला. भोवती लगद्याचा भुसा पडला होता, आणि कापलेली कड, एक मोठं वळं, भिंतीला टेकून ठेवलं होतं. बॅटरीवरचं लहान यंत्र आणि ग्रामोफोन त्याने शेटकडून मागून आणला होता.

त्याने तबकडी लावली. डग्गा गेला होता. बाई जणू पिंपात तोंड घालून गात होती.

"आता?" काशिनाथने विचारलं.

सरूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी काय बोलणार ते त्यांना आधीच ठाऊक असावं असं मला वाटलं.

"सुधारलाय," मी म्हणालो.

तंबूतून ट्रंक घेतली आणि टांगा करून स्टेशनवर आलो. नगरची गाडी वेळेवर आली. मी डब्यात चढलो, बाकावर बसलो. समोरचा माणूस उसाचं कांडं सोलत होता. त्या सालपटांचा आवाज ऐकता ऐकता मला करवतीचा आवाज आठवला, जो मी ऐकलाच नव्हता. पाच कर्णे मोडून सहावा केला होता त्याने. शिट्टी झाली आणि मी उतरलो. टांगेवाला निघून गेला होता. ट्रंक स्टेशनमास्तरांकडे ठेवली आणि चालत गावाकडे निघालो. वाट सरळ आहे, पाटाच्या कडेने जाते, पण त्या दिवशी ती संपता संपेना. काय बोलायचं त्याची मी जुळवाजुळव करत होतो, आणि प्रत्येक वाक्यात स्वतःला थोडं वाचवत होतो.

शेडपाशी पोचलो तेव्हा दोघं घागरीला कल्हई लावत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "काशिनाथराव, मी खोटं बोललो. तुमचाच कर्णा चांगला होता. तोंडही बरोबर होतं. आत्ता तो बिघडलाय, आणि मघाशी पुन्हा खोटं बोललो."

त्याने घागर निखाऱ्यांवरून उतरवून बाजूला ठेवली.

"मला वाटलं हुतं," तो म्हणाला. "कापल्यावर ऐकलं तवाच वाटलं, बिगडला. पर म्हनलं, साहेब शिकल्यालं हायेत. आपलेच कान अडानी असतील."

भिंतीला टेकवलेली ती कड मी उचलून पाहिली.

"ती कड परत जोडता येईल का?" मी विचारलं.

"सांद्यात वाजंल," तो म्हणाला.

"मी थांबतो. लगदा करू लागतो. नवा कर्णा होईपर्यंत थांबतो."

सरूबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "न्हाई. तुमी जावा साहेब. शेटला खरं सांगायचं तर सांगून जावा."

शेट तंबूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "अहो, तुमी तुमच्या मालाची तारीफ केली. त्यात काय एवडं? धंदा हाय. तंबू उद्या हलनार, कर्णा बांधून ठिवलाय." मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि चहा मागवला. त्या थोपटण्याने जेवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं, तेवढं काशिनाथच्या बोलण्यानेही झालं नव्हतं. तो चहा मी प्यायलो, हेही इथे लिहून ठेवतो.

परतीचा प्रवास रात्रीच्या गाडीने दौंडवरून केला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दौंडला गाडी बदलताना दोन तास लागतात, सोबत डबा असावा.

पुण्यात मालकांनी पेढा दिला. खरं काय झालं ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असं दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे बोलू नकोस." नोकरी चालू आहे. लोक अजून रेडिओ, कर्णे घेऊन येतात आणि मला ऐकायला बसवतात. मी ऐकतो, आणि सांगण्याआधी ज्याने तो बनवला किंवा जो तो रोज वापरतो, त्याला विचारतो, तुम्हाला कसा वाटतो? बरेचजण गोंधळतात. काहीजण म्हणतात, आम्हाला काय कळतंय साहेब. तेव्हा मला खाली बघावं लागतं.

बेलापूरला मी दोन पत्रं पाठवली. लगद्यासाठी चांगला कागद पाठवू का, पुढच्या खेपेला भेटायला येऊ का, असं काहीबाही लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि थंडी सरता सरता एक कार्ड आलं. शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं असावं, अक्षर वळणदार होतं. खाली सरूबाईंचं नाव होतं.

"कर्णा पुन्हा केला. पहिल्यापेक्षा चांगला वाजतो. ऐकायला येण्याची तसदी घेऊ नये. आमचे आम्हांला कळले आहे."