बाबांची आंघोळ आणि न्हाणीतला नळ

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. केस अजून ओले आहेत, ओढणीला गंजाचे डाग पडलेत, पण संध्याकाळपर्यंत थांबले तर आई ही गोष्ट अर्ध्या देवबागला सांगून मोकळी होईल. आणि तिच्या गोष्टीत मी नुसती पाना धरून उभी असेन.

तर आमच्या न्हाणीतला नळ. धार बारीक. तुम्ही म्हणाल त्यात काय, सगळ्यांच्या घरी असते. आमच्याही घरी होती आणि कुणाचं काही अडत नव्हतं. बादली लावायची, दुसरं काम करून यायचं, तोपर्यंत भरते. पण महिन्यापूर्वी होडी वर ओढताना बाबांचा पाय घसरला. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आणि डावा खांदा असा दुखावला की हात छातीच्या वर जातच नाही. डाव्या हाताने जेवण होतं, साबण लावता येतो, पण तांब्या उचलून डोक्यावर ओतता येत नाही.

यावर उपाय त्यांचा त्यांनीच काढला होता. नळाखाली स्टूल, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी, डाव्या हाताने नळ सोडायचा आणि डोकं खाली धरायचं. चांगला उपाय होता. पण नळाने नेमका तेव्हाच दगा दिला. धार सुतळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. साबण उतरेना. शेवटी आई तांब्या घेऊन आत जायला लागली.

बाबांना ते अजिबात सहन होत नव्हतं. बाहेर येताना कुणाकडे बघायचे नाहीत. आणि काल सकाळी आई पाणी काढून बोलवायला गेली तर म्हणाले, "माका न्हावचा नाय. प्लास्टर निघांदे, मगे न्हातंय."

प्लास्टर निघायला अजून बराच वेळ आहे. आणि उकाडा असा की नुसतं बसलं तरी घाम. आई तासभर बडबडली. बाबा उठून मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. रोज संध्याकाळी किनाऱ्यावरचे त्यांचे सोबती पडवीत येऊन बसतात, काल ते आले तर बाबा झोपलेत असं मला सांगायला लावलं. झोपले नव्हते. आपल्या अंगाला वास येतो म्हणून बाहेर येत नव्हते. हे मला कळलं आणि मग मला घरात बसवेना. इकडून तिकडे, तिकडून इकडे. प्लंबरला परत फोन केला. तो बिचारा चांगला आहे पण पर्यटकांचा सीझन तोंडावर आलाय, होमस्टेवाल्यांनी त्याला पळवलाय. तो रोज उद्या येतो. कालही उद्याच येणार होता.

म्हणून आज सकाळी ठरवलं की मीच करते.

व्हिडिओ बघितले. व्हिडिओतला नळ असा चकचकीत की त्यात तोंड बघावं, आणि तो माणूस दोन बोटांनी तो काढतो. आमच्या नळाला खाऱ्या वाऱ्याने हिरवा-पांढरा थर आलेला. तरी पहिलं काम सोपं निघालं. नळाच्या तोंडाला एक बारीक जाळी असते, ती फिरवून काढली. रेती निघाली, चिमूटभर. जुन्या टूथब्रशने घासली, परत लावली, नळ सोडला. धार वाढली. मी तिथेच ओरडले की झालं. आई धावत आली. आई येईपर्यंत धार परत दोऱ्याएवढी.

आई तशीच मागे फिरली, ते जास्त लागलं.

मग विचार केला. स्वयंपाकघरात पाणी धो धो येतं. टाकी तीच, वरून येणारा पाइप तोच. म्हणजे जे काही अडकलंय ते या नळात किंवा त्याच्या मागेच असणार. म्हणजे नळच काढायचा. स्लॅबवर जाऊन टाकीचा वॉल्व्ह बंद केला. तो इतका घट्ट की बोट सोलून निघालं. खाली येऊन स्वयंपाकघरातला नळ सोडून पाइपमधलं पाणी काढून टाकलं. बाबांचा होडीच्या इंजिनाचा पाना शोधला. पाना काढताना खडखड झाली आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

"रवांदे गो," बाबा दारातून म्हणाले. "तुज्यान जावचा नाय. उद्या तो येतलो."

"तो उद्या उद्या करीत बसतलो," आई म्हणाली. "करूंदे तिका. तुमका तरी खंय घाई आसा, तुमी काय न्हातास?"

बाबा परत वळले. पण आत गेले नाहीत. न्हाणीच्या बाहेर, दगडी पायरीवर बसले.

मी नळाला खोबरेल तेल लावलं, थांबले, पाना लावून जोर दिला. हललं काहीतरी. पण नळ नाही, भिंतीतला पाइप. कर्र असा आतून आवाज आला. पाइप भिंतीत तुटला तर लाद्या फोडाव्या लागतील, मग नळच काय न्हाणीच नाही. मी पाना तसाच धरून थांबले. बाहेर बाबांनी आवाज ऐकला असणार, कारण ते उठून आत आले. मला वाटलं आता पाना काढून घेतील. तेवढ्यात त्यांच्याच लक्षात आलं की घेऊन करणार काय. ते तिथेच उभे राहिले, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मी आईला बोलावलं. आईने नळाच्या मागे, भिंतीलगत, दुसऱ्या पान्याने पाइप आवळून धरला, मी पुढून नळ फिरवला. आई म्हणत होती, कोणत्या बाजूला, मी म्हणत होते तू फक्त धर. आणि नळ सुटला. इतका अचानक सुटला की मी बादलीत बसले.

पाइपच्या तोंडात बोट घातलं. मऊ लागलं. रेती नाही, गंज नाही, मऊ. मला आधी वाटलं मेलेला बेडूक. बोट बाहेर. मग तारेचा आकडा करून घातला आणि ओढला, तर काळा, चिकट, लांबच लांब कापूस बाहेर यायला लागला. निरांजनाची वात असते ना तशी, पण बोटाएवढी जाड. त्यावर राळ वाळलेली.

एका सेकंदात कळलं. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमधली फट बुजवायला असाच कापूस वळून ठासतात, वरून राळ आणि तेल चोपडतात. आमच्या घरात हे काम एकच माणूस करतो. नळ बाबांनीच बसवला होता आणि प्लंबर आट्यांवर जी पांढरी टेप गुंडाळतात ती त्यांनी गुंडाळली नव्हती. त्यांना जे येतं ते केलं होतं. जास्तीचा कापूस पाइपच्या आत घुसला होता, पाण्याने फुगला होता आणि थोडा थोडा पुढे सरकत धार चोंदत बसला होता.

आता बघा, माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण त्या वेळी मी मूठ बंद केली. आधीच हा माणूस घरातलं सगळं आपल्या हाताने करणारा, आता हाताने काही करता येत नाही म्हणून कोपऱ्यात जाऊन बसलेला. त्याला सांगू की हे तुमच्यामुळेच झालं? रेती होती असं सांगायचं मी ठरवलं. अगदी तोंडावर आलं होतं.

"बगूया," बाबा म्हणाले.

मूठ उघडावी लागली.

त्यांनी डाव्या हाताने तो कापूस उचलला, नाकाशी नेला, बोटांत चोळला. आई माझ्याकडे बघत होती, मी पाइपकडे.

"माजाच काम ता," ते म्हणाले. मग कापूस परत माझ्या हातावर ठेवत, "तेवा हो नळ गळत होतो. गळूचा बंद झाला काय नाय?"

"पाणीच बंद झाला," आई म्हणाली.

"मगे गळतला खंयसून?"

आई आधी हसली. मग मी. मग बाबा, आणि हसताना खांदा दुखला म्हणून कण्हत परत हसले. महिनाभरात पहिल्यांदा.

बसवताना मी सकाळीच आणून ठेवलेली टेप उलट्या बाजूने गुंडाळली, ती सुटली, पाणी ठिबकायला लागलं. बाबा म्हणाले, कापूस आणू काय. आईने त्यांच्याकडे बघितलं. मी सगळं काढून नळ ज्या बाजूला आवळतो त्या बाजूने परत गुंडाळली, आवळलं, वर जाऊन वॉल्व्ह सोडला. नळ आधी खोकला, थुंकला, लाल पाणी आलं, आणि मग अशी धार सुटली की मी डोक्यापासून पायापर्यंत भिजले.

बाबांनी स्टूल पायाने नळाखाली सरकवलं. आईने प्लास्टरवर पिशवी बांधली आणि सवयीने तांब्या उचलला.

"तो थयसर ठेव," बाबा म्हणाले. "आणि भायर जावा दोघी."

दार आतून बंद झालं. कडी लावल्याचा आवाज आला. मी आणि आई पायरीवर बसून होतो. आत पाणी पडत होतं, पडतच होतं. आई म्हणाली टाकी संपणार. मी म्हटलं सांग तू. ती काही उठली नाही.

आता ते पडवीत बसलेत, अंगाला साबणाचा वास, किनाऱ्यावरचे दोघे आज दुपारीच आलेत आणि नळ कसा दुरुस्त झाला ते बाबाच सांगतायत. कापसाचं मात्र अजून काही बोललेले नाहीत. मीही काही बोलणार नाही, तुम्हाला सांगितलं तेवढंच. तुमच्या घरी झालंय का असं कधी? सगळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचंच काम तुम्हाला उकलून परत करावं लागलं, आणि तो शेजारी उभा होता? मग तुम्ही काय केलंत, मूठ उघडलीत?