ऱ्हस्व-दीर्घ काका

माझ्या सासऱ्यांना भाजीत मीठ कमी पडलेलं कधी कळलं नाही, पण चण्याच्या पुडीच्या कागदावर एखादी वेलांटी चुकलेली दिसली की त्यांचा घास हातातच थांबायचा. गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधण्यात, त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाले तरी सदऱ्याच्या खिशातली लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. चर्चचं पत्रक, लग्नाची आमंत्रणं, डॉक्टरांच्या दारावरची पाटी, काहीच सुटायचं नाही. चाळीतली पोरं त्यांना ‘ऱ्हस्व-दीर्घ काका’ म्हणत. आम्ही घरातले पप्पा म्हणायचो.

लालबागला मसाला कुटायला नेला की ते दुकानाच्या फळ्यासमोर उभे राहायचे. “अहो, ‘मिळेल’ची मि ऱ्हस्व. तुमची दीर्घ वाचून मला मसाल्याआधीच ठसका लागतो.” मालवणी दुकानदार हसायचा. “काकानूं, मिरची तिखट आसा मां? मगे झाला!” पण पुढच्या खेपेला फळा दुरुस्त केलेला असायचा.

मी नगरकडच्या खेड्यातून लग्न होऊन चिंचपोकळीच्या त्या दोन खोल्यांत आले, तेव्हा मला या माणसाची भीतीच वाटली. कारण घरात रोज संध्याकाळी सात वाजता प्रार्थना असायची आणि प्रार्थनेआधी वाचन. पवित्र शास्त्रातला एक उतारा, मग एखाद्या चरित्राची नाहीतर प्रवासवर्णनाची दोन पानं. “विश्वासात वाढायचं तर डोकंही वाढू दे,” असं पप्पांचं म्हणणं. वाचायचं प्रत्येकाने, पाळीपाळीने, मोठ्याने. मी बारावी कशीबशी झालेली. जोडाक्षर आलं की माझी जीभ अडायची. पहिल्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा नवरा, विनय, खाली बघत बसला. मी अर्ध्या पानात चार वेळा अडखळले आणि ‘प्रायश्चित्त’ शब्दापाशी पार थांबले. आता पप्पा चूक काढतील, मग सगळे हसतील, असं वाटून माझे कान तापले.

पप्पा म्हणाले, “सावकाश, सुनंदा. पुस्तक कुठे पळून जात नाही.”

बस, एवढंच. मी तो शब्द चुकीचाच वाचला, पुढे गेले. त्यांनी चूक काढली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यातही नाही. माझी पाळी संपली की मात्र विचारायचे, “यातलं तुला काय वाटलं?” आणि मी जे बोलेन ते मान तिरकी करून ऐकायचे. आमेन झालं की उठून चहाचे कप स्वतः विसळायचे. “प्रार्थना करून लगेच लोळलं की ती अंगी लागत नाही,” म्हणायचे. शेजारचे काका दारातून चेष्टा करत, तर त्यांनाही आत बोलावून हातात फडकं द्यायचे.

रस्त्यावरच्या पाट्या न सोडणारा हा माणूस माझ्या वाचनातली एवढी मोठी भगदाडं का सोडतो, हे मला कळेना. आणखी एक गोष्ट मला खटकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं. सगळी मंडळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला उठून पुढे जायची. पप्पा मात्र बाकावरच बसून राहायचे, मान खाली घालून. मागच्या बाकांवर कुजबुज व्हायची. एका दुपारी तांदूळ निवडताना मी सासूबाईंना विचारलं.

आईंनी ताट बाजूला ठेवलं. “तुझी नणंद, करुणा,” त्या म्हणाल्या, “लग्नाला आली नाही ना तुमच्या? त्याचंच आहे हे.”

करुणाताई लग्नानंतर नागपूरला गेल्या होत्या. सातव्या महिन्यात त्यांचं बाळ पोटातच गेलं. आठ दिवसांनी त्यांनी घरी पत्र लिहिलं. मुलगा होता, त्याचं नाव काय ठेवणार होते, रिकाम्या हातांनी घरी येताना कसं वाटलं, सगळं. पप्पांनी ते खिडकीपाशी उभं राहून वाचलं. रडलेही. पण वाचताना पेन्सिल हातात होती आणि हात इतक्या वर्षांच्या सवयीने चालत राहिला. पत्र कपाटात गेलं. वर्षभराने आईंच्या ऑपरेशनसाठी करुणाताई आल्या, औषधांच्या चिठ्ठ्या शोधताना त्यांना ते सापडलं. ओळीओळीत लाल खुणा. त्यांनी बाळाचं नाव ‘आशिष’ असं लिहिलं होतं. त्यातली पहिली वेलांटी खोडून पप्पांनी दुसरी काढली होती.

“काही बोलली नाही,” आई म्हणाल्या. “पत्र टेबलावर ठेवलं, बॅग उचलली. आता शीवला राहतेय, नवऱ्याची बदली झाली म्हणून. मला बाहेर भेटते. इथे येत नाही. त्या दिवसापासून हे घरात पेन्सिल काढत नाहीत. आणि पोरीशी समेट झाल्याशिवाय प्रभूच्या मेजाजवळ जाणार नाही म्हणतात.”

पप्पांनी त्यांना पत्रं लिहिली होती, फोन केले होते. उत्तर नव्हतं. दारात जायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. सातवा महिना लागला तसे पप्पा घरात फार शांत झाले. मी जिना उतरताना पुढे उतरायचे, पाठमोरे, एक हात मागे धरून. एका सकाळी म्हणाले, “सुनंदा, शीवला माझ्याबरोबर येशील? तू असलीस तर ती निदान दार लावणार नाही.” मग लगेच म्हणाले, “नाही, नको. तुझ्या पोटाआड लपून जाणं बरं नव्हे. मी एकटाच जातो.”

“मी खाली थांबते,” मी म्हटलं. “तुम्ही वर जा.”

खाली थांबायचं ठरलं, पण पहिल्या पायरीवर पाय ठेवून ते तिथेच अडले, म्हणून मीच त्यांना दुसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. करुणाताईंनी दार उघडलं. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. वडिलांचंच कपाळ, वडिलांचेच डोळे. पप्पांनी कागद उघडला आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्यांना एक अक्षर दिसेना. त्यांनी तो तसाच मुठीत चुरगळला.

“करुणा, मी तुझं पत्र वाचलं नव्हतं. तपासलं होतं,” ते म्हणाले. “नंतर वाचलं. खूप वेळा वाचलं. तेव्हा तुझ्याकडे यायला हवं होतं, नागपूरला, पहिल्या गाडीने. मी आलो नाही. मला क्षमा कर.”

करुणाताई दाराची कडी धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “त्याचं नाव आठवतं तुम्हाला?”

“आशिष.”

“कोणती वेलांटी?”

“तू लिहिलीस ती,” पप्पा म्हणाले. “पहिली. तुझा मुलगा, तू ठेवशील ते नाव.”

करुणाताईंच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्या बाजूला झाल्या. “हिला जिने कशाला चढायला लावले? बसा आत. चहा टाकते.”

गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. चहा झाला, बिस्किटं झाली, आम्ही परत निघालो. वाटेत पप्पा म्हणाले, “तिने क्षमा केली असं ती म्हणाली नाही. म्हणायलाच हवं असंही नाही. मागायचं काम माझं होतं.” त्यानंतर दर शनिवारी ते शीवला जायचे. कधी तासभर बसायचे, कधी दारातूनच बोलून परत यायचे. पहिला रविवार आला तेव्हा सकाळीच त्यांनी करुणाताईंना फोन लावला. मी शेजारीच होते.

“आज प्रभुभोजन आहे,” ते म्हणाले. “मी जाऊ का पुढे?”

पलीकडून आवाज आला, “जा, पप्पा.”

त्या दिवशी ते बाकावरून उठले तेव्हा मागची कुजबुज एकदम थांबली. आईंनी पदराने तोंड झाकून घेतलं होतं.

मला मुलगी झाली, तिला पहिल्यांदा अंघोळ घालायला करुणाताईच आल्या. त्यानंतर त्या या घरात येत राहिल्या. मुलगी मोठी झाली, आई गेल्या, काचबिंदूने पप्पांची नजर गेली. संध्याकाळचं वाचन आम्ही करायचो, ते ऐकायचे. मी मधल्या काळात बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली. निकालाच्या दिवशी त्यांनी माझ्याकडून गुणपत्रिका पुन्हा पुन्हा वाचून घेतली. शेवटी “विद्यापीठाने नाव बरोबर छापलंय ना?” एवढंच विचारून डोळे पुसले.

गेल्या वर्षी नाताळनंतर त्यांनी अंथरूण धरलं. दवाखान्यात जायचं नाही म्हणाले, डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही. शेवटच्या आठवड्यात करुणाताई आमच्याकडेच राहायला आल्या. शेवटची दुपार मला लख्ख आठवते. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. करुणाताई पप्पांच्या पायांना तेल चोळत सकाळी शीवला जाऊन आल्याची हकिकत सांगत होत्या. शीवच्या कोळीवाड्यातली त्यांची नेहमीची मावशी, तिने आणलेले बोंबील, तिची शेजारणीशी किमतीवरून झालेली बाचाबाची. काहीही महत्त्वाचं नव्हतं. पप्पा डोळे मिटून ऐकत होते.

“…तर ती म्हणते कशी, ताजे नाहीत म्हणे! मावशीने सरळ टोपलीच उचलली.”

“मग?” पप्पांनी विचारलं.

करुणाताई हसल्या आणि पुढचं सांगू लागल्या. मावशी काय म्हणाली, शेजारीण काय म्हणाली, शेवटी दोघी एकाच पायरीवर बसून चहा कशा प्यायल्या. तेल चोळता चोळता त्या कितीतरी वेळ बोलत होत्या. मी हात पुसत दारात आले आणि पप्पांकडे पाहिलं. मला कळलं. करुणाताईंना अजून कळलं नव्हतं. मी त्यांना थांबवलं नाही. गोष्ट पुरी होऊ दिली.