गोगलगायींसाठी शिंपले कुटणारी काकी

माझ्या सख्ख्या काकीला मी एकदा घरी आलेल्या लोकांसमोर कामवाली म्हटलं होतं.

काकी आज सकाळी गेली.

फोटो, फुलं, चार छान ओळी, असं टाकणार होतो. धीर झाला नाही. आधी हे लिहितो.

सुनंदाकाकी लालबागला आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली राहायची. आई ड्युटीला जायची तेव्हा मला भरवणं, शाळेत सोडणं, शेंबूड पुसणं, सगळं हिनेच केलं. काका गेल्यावर एकटीच होती.

माझा फिशटँक तुम्हाला माहीत आहेच. कंटाळा येईल इतके फोटो टाकतो. त्यात पिवळ्या गोगलगायी आहेत. तीनेक वर्षांपूर्वी त्यांची कवचं खराब व्हायला लागली. टोकाला पांढरी पडली, खड्डे पडले, कडा पापडासारख्या तुटायला लागल्या.

मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं. आपलं नळाचं पाणी सॉफ्ट, कॅल्शियम कमी पडतंय, असं कळलं. मी ऑनलाइन गोळ्या शोधत बसलो.

काकी काचेला नाक लावून बघत होती.

"गावाक कोंबडेक शिंपले कुटून घातले काय अंड्याचा कवच घट्ट जाता. ह्येंका पण तसाच व्हया. गोळ्यो कसल्यो घेतंस?"

बाईने मनावरच घेतलं. घरी तिसऱ्यांचं कालवण केलं की त्यांचे शिंपले ब्रशने घासायची, दोनदा उकळायची, खिडकीच्या ग्रिलवर वाळवायची, खलबत्त्यात जाडसर कुटायची आणि डबा माझ्याकडे. मी ते फडक्यात बांधून फिल्टरजवळ ठेवायचो.

दोन महिन्यांत नवीन कवच चकचकीत यायला लागलं.

जुने खड्डे मात्र तसेच राहिले. ते भरत नाहीत.

ग्रुपवर फोटो टाकले, वाहवा झाली. काय वापरतोस म्हणून विचारलं, तर मी "इम्पोर्टेड मिनरल" असं ठोकून दिलं. मासळीबाजारातले शिंपले म्हणायची लाज वाटली. मग एका रविवारी ग्रुपमधले तिघं टँक बघायला घरी आले. मला सर म्हणत होते. माझी छाती काय फुगली होती, विचारू नका.

बेल वाजली. काकी. गाऊनवर टॉवेल, हाताला तिसऱ्यांचा वास.

"घे रे झिला, आत्ताच कुटलंय."

तिघांपैकी एकाने विचारलं, "ह्या कोण?"

आणि मी म्हणालो, "कामाला येतात आमच्याकडे."

पटकन आलं तोंडातून. विचारसुद्धा करावा लागला नाही, हलकट कुठला.

काकीने माझ्याकडे बघितलं. डबा ओट्यावर ठेवला. मग टीपॉयवरचे चहाचे कप उचलले, धुतले, पालथे घातले.

जाताना दारात म्हणाली, "येते हं, दादा."

जन्मभर माझ्याशी मालवणीत बोललेली बाई. मी खोटा पडू नये म्हणून तिने तेही केलं.

मी तिला थांबवलं नाही. आत जाऊन पाण्याचा पीएच समजावत बसलो.

पुढच्याच आठवड्यात डबा आला. त्यानंतरही येत राहिला. तिने विषय काढला नाही, मी तर नाहीच नाही. दर वेळी वाटायचं, आज सॉरी म्हणू. मग डबा घ्यायचो आणि "जेवलंस काय?" एवढंच विचारायचो.

आज स्मशानात फॉर्म भरताना कारकुनाने विचारलं, "मयताचे तुम्ही कोण?"

"पुतण्या."

"जरा मोठ्याने बोला."

"पुतण्या. सख्खा पुतण्या."

त्याने लिहून घेतलं. एवढंच तर बोलायचं होतं त्या दिवशी.

परत आल्यावर तिचं घर उघडलं. ग्रिलवर पेपर पसरून शिंपले वाळत घातले होते. परवाचे असतील. घासून, उकळून झालेले, कुटायचे राहिलेले.

त्या रविवारी आलेले तुम्ही तिघंही फ्रेंडलिस्टमध्ये आहात. मिनरल वगैरे काही नव्हतं. शिंपले तिचे होते, मेहनत तिची होती. आणि जिने तुमचे कप धुतले, ती माझी काकी होती.

शेवटचा नमस्कार.

चुकलंय गो, काकी.