मुगीचं सुतक

तेप्पेईला मी वरची खोली दिली, कारण कुत्रा आहे म्हणून नऊ घरमालकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. त्या नऊंपैकी तिघांना मी ओळखते, आणि त्यांनी नाही म्हटलं की मी हो म्हणते. खाली माझं इस्त्रीचं दुकान, वर तो, त्याची बायको चिहाया आणि त्यांचा कुत्रा मुगी. तेप्पेई शहरातली बस चालवायचा. लांबून धावत येणारी म्हातारी दिसली की गाडी थांबवून ठेवायचा आणि उशिराबद्दल डेपोत बोलणी खायचा.

मुगीला आणलं ते सराव म्हणून, असं तो स्वतःच सांगे. आधी कुत्रा जगवून बघू, मग मूल. मूल काही लवकर येईना. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. चिहाया चाळिशीला टेकली तेव्हा तिसऱ्यांदा राहिलं, आणि त्याच सुमाराला तेरा वर्षांच्या मुगीची मूत्रपिंडं थकली.

कामावरून आला की तेप्पेई माझ्या पायरीवर बसायचा. मुगी मांडीवर. उकडलेलं रताळं कुस्करून त्याला बोटाने चाटवायचा.

"काकू, बापाला याहून वेगळं काय करावं लागतं हो? उठून बघायचं, ओकलेलं पुसायचं, औषध लपवून द्यायचं."

"उलट उत्तरं ऐकावी लागतात," मी म्हणायचे. "मुगीनं कधी दिलीत?"

तो हसायचा. एकदा मात्र हसला नाही. "पहिल्याच थंडीत यानं माझा बूट फाडला. मी रागानं याला तासभर गॅलरीत कोंडलं. दार उघडलं तर बिचारा शेपटीच हलवत आला. तेव्हापासून आवाज चढवला नाही, पोरावरही चढणार नाही. पण शिकलो ते कुणाच्या जिवावर? सराव आमचा होता, काकू. याला थोडंच माहीत होतं!"

"फार विचार करतोस तू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पाचवा महिना लागला. आमच्याकडे जपानात पाचव्यात, पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी, देवळात जातात. कुत्री जशी सहज विते तशी बाईची सुखरूप सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करतात आणि पोटाला पांढरा पट्टा बांधून घेतात. हा दिवस बारा दिवसांनी फिरून येतो. तेप्पेईच्या आईने पंचांग बघून शुभ दिवस धरला होता, पुजाऱ्याची वेळ घेतली होती. पुढचा कुत्र्याचा दिवस अशुभावर येत होता. आणि नेमका तीन दिवसांपासून मुगी पाणीही घेत नव्हता.

"तू थांब इथे, मी आईंबरोबर जाऊन येते," चिहाया म्हणाली खरी, पण म्हणताना तिचा हात पोटावर होता. दोनदा हात पोळलेली बाई ती. तेप्पेईने ते पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

मुगीला त्याने माझ्या दुकानात, दाराकडे तोंड करून निजवलं. माझ्या फोनवर त्याचा नंबर चिकटवला.

"जरा काही वाटलं तरी फोन करा. मी असेन तिथून गाडी फिरवीन. त्यानं शेवटी मला शोधू नये, एवढंच. शब्द द्या, काकू."

"दिला," मी म्हटलं.

नऊला ते गेले. साडेनऊला मुगीचा श्वास बदलला. मी फोन उचलला, अर्धा नंबर फिरवला आणि हात थबकला. घरात मरण झालं की सुतक, आणि सुतकात देवळाच्या कमानीखालून जायचं नसतं. म्हणजे हे वाटेवरूनच परतणार. पट्टा राहणार. आणि हेही मूल गेलं तर? मी फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मुगी पाऊण तास जगला. सगळा वेळ तो दाराकडे बघत होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते, पण त्याला माझा हात नको होता. सव्वादहाला गेला.

दुपारी ते हसतमुख आले. तेप्पेई दारातच थांबला.

"किती वाजता?"

मी खोटं बोलू शकले असते. खरं सांगितलं. साडेनऊचंही सांगितलं. सुतकाचंही.

त्याची आईच आधी बोलली. "अहो, कुत्र्याचं कसलं आलंय सुतक? पुजारीसुद्धा मानत नाहीत. करायचात की फोन!"

सत्तर वर्षं काढली मी या गावात, आणि मला हे माहीत नव्हतं. जमीन दुभंगावी असं झालं.

"सुतक आहे, आई," तेप्पेई म्हणाला. मुगीजवळ बसून तो त्याच्या पापण्या मिटत होता, त्या मिटत नव्हत्या. "थोरला होता तो आमचा. साडेनऊला आम्ही पेट्रोल भरत होतो, काकू. वीस मिनिटांवर."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

शरद ऋतूत चिहायाची सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली. तेप्पेई आजही मला वाकून नमस्कार करतो, नव्या वर्षाला संत्री आणून देतो. पण सुट्टीच्या दिवशी चिहाया बाहेर असली, त्याला बाजारात जायचं असलं आणि मी म्हटलं, "ठेव की पोरीला माझ्याकडे," तर तो हसून म्हणतो, "नको काकू, नेतो बरोबर." पोरीला पाठीशी बांधतो आणि भर पावसात उतार उतरून जातो. पोर आता दोन वर्षांची आहे. अजून एकदाही त्याने तिला माझ्यापाशी ठेवलेलं नाही.