इंदूवैनींचं बिनवायरचं मशीन

इंदूवैनींचं निम्मं आयुष्य वायर धरण्यात गेलं. आमच्या शेजारी त्यांचा बंगला, पुढं टीचभर लॉन. रविवारी अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, विजेच्या मशीननं गवत कापायचे आणि वायर पात्याखाली येऊ नये म्हणून वैनींनी ती उचलून मागंमागं चालायचं. "धर नीट! लक्ष कुठंय?" हे साऱ्या गल्लीला ऐकू जायचं. साडीपासून कुकरपर्यंत सगळं अण्णाच निवडायचे. वैनी हूं की चूं करायच्या नाहीत.

अण्णांचं वर्षश्राद्ध झालं आणि वैनी मला म्हणाल्या, "सुमन, चल. बॅटरीचं मशीन घ्यायचंय मला. वायरचं लई झालं."

दुकानदार म्हणाला, "साहेबांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो." वैनी मूळच्या मंद्रूपच्या, राग आला की गावची बोली उसळून यायची. "साहेब न्हाईत आता. गवत माझं हाय, माझ्याशी बोला की!" मग त्यांनी एकेक मशीन उचलून, ढकलून बघितलं, बॅटरी स्वतः काढली, घातली. त्यानं सगळ्यात मोठं पुढं केलं, तर म्हणाल्या, "हे काय रान हाय व्हय? मला पेलंल असं द्या." शेवटी एक हलकं मशीन पसंत पडलं. रिक्षात खोक्यावरचा हात काही त्यांनी काढला नाही.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, म्हणून वैनी भाज्या धुतलेलं पाणी गवताला घालायच्या. लोक हसायचे. "हसू द्या," वैनी म्हणायच्या, "कुनाच्या हंड्यातलं घेत न्हाय मी." गवत कापून झालं की त्यातच पाय पसरून चहा प्यायच्या. इतकं निवांत मी त्यांना अण्णांच्या हयातीत कधी पाहिलं नव्हतं.

मग मुलगा सतीश बदली होऊन घरी आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वैनी थोडे दिवस लेकीकडं राहिल्या. परत येऊन बघतात तर लॉनच्या जागी पेव्हर ब्लॉक आणि त्यावर सतीशची गाडी. मशीन त्यानं कुणाला तरी देऊन टाकलं होतं.

"आई, किती कटकट होती तुला! आता आराम कर."

"मला इचारलंस का?"

"यात काय विचारायचं?"

अण्णा निदान ओरडायचे तरी. ह्यानं गोड बोलून सगळं काढून घेतलं. वैनी त्यानंतर अंगणात बसल्या नाहीत. मी बोलवायला गेले की म्हणायच्या, "कुटं बसू? गाडीखाली?"

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. तेराव्याचा मांडव त्या ब्लॉकवरच घातला होता. पंगतीत वाढता वाढता सतीश पाहुण्यांना सांगत होता, "आईच्या सोयीसाठीच केलं हे सगळं. लई खूश होती ती."

पाहुणे माना डोलवत होते. माझं डोकं फिरलं.

"खोटं बोलतोयस, सतीश," मी सगळ्यांदेखत म्हटलं आणि भरल्या ताटावरून उठले.