शेटजींचा वर्ख आणि दगड खाणारे जंतू

"माझ्या वर्खाला ॲल्युमिनियम म्हणता? माझ्या?"

शेटजी ओरडत होते आणि डॉक्टरांची काचेची बरणी त्यांनी दोन्ही हातांनी उचलून मोरीवर धरली होती. तो आवाज बोगद्यांतून घाट उतरून कर्जतला पोचला असेल. पत्र्याच्या आड, त्यांच्याच दुकानात पेढ्यांसाठी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना तर तो नक्कीच पोचत होता, शब्द मात्र भट्टीच्या धडधडीत अर्धेमुर्धे.

डॉक्टर माणसांचे नव्हेत, दगडांचे; त्यांच्या बरणीत जंतू होते. दगड खाणारे. ही थाप नाही. माझ्या थापा पुढे येतील. दक्षिणेतल्या एका खाणीतून दगडाची पूड पोत्यानं यायची. चिंचेच्या गरात चिंचोका असावा तसं तिच्यातलं सोनं लोखंड-गंधकाच्या खनिजात रुतलेलं. हे जंतू आंबट पाण्यात तो गर खायचे आणि सोनं मोकळं व्हायचं. फक्त खायचे फार सावकाश, रुसलेल्या जावयासारखे. पण विरघळलेल्या चांदीचे चार थेंब घातले की असे सुटायचे की बरणीला कान लावला तर मला चावण्याचा आवाज यायचा. जितकं खातील तितकं पाणी लाल. चांदी जास्त झाली की मात्र मरायचे. त्यांना ऊब लागायची, आणि पावसाळ्यात लोणावळ्यात ऊब मिळते ती चिक्कीच्या भट्टीपाशी. म्हणून डॉक्टरांनी शेटजींची ही मागची खोली घेतली होती. तिथली भिंत इतकी तापायची की मी तिच्यावर पापड भाजलेत.

पंधरवड्यानं खाणीचा साहेब येणार होता. चांदी घातलेली बरणी शेजारच्या बिनचांदीच्या बरणीच्या पुढे गेलेली दिसली तर काम चालू राहणार, नाहीतर डॉक्टर पुण्याला आणि मी, त्यांचा मदतनीस, गावाकडे भाताच्या चिखलात. नेमकी त्याच आठवड्यात चांदीच्या पाण्याची बाटली फुटली. नवी यायला महिना. तेव्हा शेटजीच म्हणाले होते, "चांदीच ना? माझ्या पेढ्यांवर रोज बसते," आणि वर्खाची गड्डी दिली होती.

डॉक्टरांनी एक पान आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकलं. चांदी असती तर नुसती पडून राहिली असती. हे फसफसलं आणि गेलं. डॉक्टरांनी सांगून टाकलं. त्या माणसाला हळू बोलणं जमत नसे, खोटं बोलणं तर त्याहून नाही.

"वर्खाचा व्यापारी मला फसवतो, आणि तुम्ही माझ्याच दुकानात मला चोर ठरवता!" बरणी कलली. लाल पाण्याची एक धार मोरीत गेली.

"शेटजी, माझं सगळं वर्ष आहे त्यात."

"आणि पलीकडे माझं दुकान आहे. लोक ऐकताहेत. सांगा त्यांना, वर्ख खरा आहे."

"तो खरा नाही."

बरणी आणखी कलली. पत्र्याआडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आवो शेट, काय झालं वो?"

मी दुकानात तोंड काढलं.

"काय न्हाई आबा. डॉक्टरांनी वर्ख मागवलेला, त्यो खोटा निघाला. शेट म्हणत्यात, माज्या कमरंचा करगोटा घ्या, अस्सल चांदीचा हाय. डॉक्टर लाजत्यात, म्हणून शेट तापल्यात."

"मग घ्या की डॉक्टर, लाजता काय? द्या वो शेट."

"व्हय, द्या, द्या," चारपाच गिऱ्हाइकं म्हणाली.

मी मागं वळलो. शेटजी माझ्याकडे असे बघत होते की मी तुपाशिवायच तळून निघालो. डॉक्टर काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला. बरणी अधांतरीच. बऱ्याच वेळानं ती खाली टेकली, आणि शेटजींनी धोतराची गाठ सैल केली.

डॉक्टरांनी करगोट्याची एक कडी सोड्याच्या पाण्यात सोडली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. शेटजींचा घाम पाण्यात पडेल असं वाटलं. कडी निवांत पडून होती.

"चांदी आहे," डॉक्टर म्हणाले. "दागिना म्हणजे तांबंही असणार थोडं. त्यानंही जंतूंना जोर येतो."

ती कडी आम्ही कानशीनं घासली, तीव्र ॲसिडात विरघळवली, थेंब मोजून घातले. साहेब आला तेव्हा चांदीची बरणी अशी लाल झाली होती की त्यानं चष्मा पुसून पुसून काच झिजवली. काम चालू राहिलं.

पुढच्या बाजारी तोच म्हातारा पेढे घ्यायला आला. पेढे उघडेच होते.

"शेट, वरची चांदी कुटं गेली?"

शेटजींनी तराजूवरची नजर काढली नाही.

"मागच्या खोलीत लागते."